आटपाडीच्या वस्तीतून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत
औंध संस्थानातल्या एका विद्यार्थ्याची वाट आणि आपल्या घरातली मुले

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "मुलगी एम.ए. झाली, आता पुढे काय?" कधी हे पत्र अम्मीचे असते, कधी मोठ्या भावाचे. मुलगी हुशार आहे, वाचनाची आवड आहे, शेजारपाजारची मुले तिच्याकडे शिकायला येतात. पण कॉलेजात शिकवायला जायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे घरात कोणाला ठाऊक नसते. मग कोणीतरी सांगते, "ते आपल्यासारख्यांचे काम नाही. तिथे ओळख लागते, पैसा लागतो." विषय तिथेच मिटतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

या पत्रांना एकेक उत्तर देण्यापेक्षा आम्ही यावेळी एक गोष्ट सांगायचे ठरवले. गोष्ट खरी आहे आणि आपल्या सातारा-सांगलीकडची आहे. ती आहे शंकरराव खरात यांची. ज्या घरात गावकामगाराची काठी पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या घरातला हा मुलगा औंधच्या शाळेत शिकला, पुण्यात वकील झाला, मराठीतला मोठा लेखक झाला आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. शंकरराव आपल्या समाजाचे नव्हते. पण "हे आपल्यासारख्यांचे काम नाही" हे वाक्य त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकले असणार. म्हणून त्यांची वाट आपण नीट पाहायला हवी.

औंध : छोटे संस्थान, मोठे मन

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातले औंध आज एक शांत गाव आहे. यमाईचा डोंगर, त्याच्या पायऱ्या आणि तिथले श्रीभवानी संग्रहालय पाहायला लोक येतात. पण १९४८ पर्यंत ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान लहान आणि तेही तुकड्या-तुकड्यांचे. काही गावे सातारा भागात, काही आटपाडीकडे माणदेशात, कुंडलचा भाग वेगळा, आणि गुणदाळचा भाग तर पार विजापूरकडे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तीही याच संस्थानाच्या हद्दीत.

१९०९ पासून इथे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे राज्य होते. सूर्यनमस्काराचे वेड, चित्रकलेची जाण आणि शिक्षणाचा ध्यास या तिन्ही गोष्टींसाठी ते ओळखले जात. गरीब मुलाला औंधमध्ये शिकता येते, ही बातमी लांबलांबच्या गावांत पोहोचली होती. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी लहानपणी शिक्षणासाठी औंधला आले ते याच कारणाने. माडगूळचे ग. दि. माडगूळकरही इथेच शिकले.

१९३८-३९ मध्ये या राजाने आणखी एक पाऊल उचलले. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन, चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या इंजिनियरच्या मदतीने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. गावोगावी पंचायती निवडून आल्या आणि गावचा कारभार गावाने पाहायचा असे ठरले. 'औंधचा प्रयोग' म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली तीही याच काळात. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे याच वसाहतीची प्रेरणा होती.

हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की मुलाच्या अंगची हुशारी एकटी पुरत नाही. त्याच्या हुशारीला दार उघडून देणारे कोणीतरी लागते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढून दिली, बोर्डिंगची सोय केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुले एका वसतिगृहात एकत्र जेवायला बसवली. औंधच्या शाळेचे दार त्याच रांगेतले.

तराळाचे घर

शंकर रामचंद्र खरात यांचा जन्म ११ जुलै १९२१ रोजी आटपाडीला झाला. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ती औंध संस्थानात होती. माणदेशाचा हा भाग कायमचा दुष्काळी. पाऊस कमी, शेती बेभरवशाची.

खरातांच्या घराकडे तराळकी होती. तराळ म्हणजे गावकीचे काम करणारा महार. सरकारी माणूस गावात आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे, टपाल घेऊन पुढच्या गावी जायचे, दवंडी द्यायची, बेवारस प्रेताची राखण करायची. पगार म्हणावा असा काही नाही. गावाने द्यायचे ते बलुते, तेही मिळाले तर मिळाले.

'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्रात शंकररावांनी वडिलांची एक हकिगत लिहिली आहे, ती वाचताना घशाशी हुंदका येतो. विहिरीत एक प्रेत होते आणि त्याची राखण वडिलांच्या माथी आली. पोलीस आले. प्रेत बाहेर काढायला विहिरीत उतरायचे कोणी? तराळाने. विहिरीत साप असो की आणखी काही, उतरायचे त्यानेच. लहानगा शंकर हे सगळे पाहत होता. आपल्या बापाच्या जिवाची किंमत गावाच्या लेखी किती आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले.

अशा घरातून शाळेत जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. घरात पुस्तक नाही, अभ्यास घेणारे कोणी नाही, गावात शिवाशिव. तरी प्राथमिक शाळा आटपाडीत झाली आणि माध्यमिक शिक्षणासाठी हा मुलगा औंधला गेला. घर सोडून, मैलोनमैल दूर. तिथून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि मग कायद्याची पदवी. तराळाचा मुलगा वकील झाला आणि पुण्यात वकिली करू लागला.

आमच्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. औंध ते पुणे हे अंतर आज एस.टी.ने काही तासांचे आहे. त्या काळी, त्या घरातून, ते अंतर किती होते ते नकाशावर दिसत नाही.

वकिली, लेखणी आणि चळवळ

वकील झाल्यावर शंकररावांना सुखाने संसार करता आला असता. पण ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले आणि तिथलेच झाले. बाबासाहेबांच्या 'प्रबुद्ध भारत' या पत्राचे संपादनही पुढे त्यांनी केले. बाबासाहेबांच्या धर्मांतरावर त्यांनी पुस्तक लिहिले.

त्यांचे दुसरे मोठे काम भटक्या आणि विमुक्त जमातींचे. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. शंकरराव वकील म्हणून आणि लेखक म्हणून या माणसांच्या मागे उभे राहिले. कोर्टात ज्यांची बाजू मांडायची, त्यांच्याच आयुष्यातून त्यांना कथा मिळत गेल्या. 'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा', 'टिटवीचा फेरा', 'दौंडी', 'आडगावचे पाणी' ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. गावकुसाबाहेरचे जग या नावांतूनच डोळ्यांपुढे येते. 'हातभट्टी' आणि 'झोपडपट्टी' या कादंबऱ्यांनी शहरातल्या गरीब वस्त्या मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात आणल्या.

१९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर आणि १९७३ मध्ये यवतमाळला होते ग. दि. माडगूळकर. माडगूळ आणि आटपाडी एकाच तालुक्यात. पावसाने पाठ फिरवलेल्या एका मुलखाने साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. दुष्काळी मातीतही बी रुजते, ते पेरणारे हात मात्र हवेत.

कुलगुरूंची खुर्ची

१९७० नंतरच्या दशकात शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'तराळ-अंतराळ' हे नाव त्यांनी आत्मचरित्राला का दिले, ते इथे कळते. गावाच्या दारात उभा राहणारा तराळ आणि वर पसरलेले अंतराळ, एवढा हा प्रवास.

हे विद्यापीठ औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरूंनी केले. पहिले कुलगुरू होते एस. आर. डोंगरकेरी. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार थोडी होती. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज उभे राहिले. या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांचे हे विद्यापीठ. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नव्हते. अशा मुलांच्या विद्यापीठाचा कुलगुरू तराळाच्या घरातला असावा, यात एक न्याय होता.

पण कुलगुरूंची खुर्ची ही फुलांची नसते. विद्यापीठ म्हणजे फक्त इमारती आणि परीक्षा नव्हे. तिथे प्राध्यापक असतात, संस्थाचालक असतात, विद्यार्थी संघटना असतात आणि त्या सगळ्यांच्या मागे बाहेरचा समाज असतो. समाजात जे धुमसत असते ते विद्यापीठाच्या फाटकातून आत येतेच. शंकररावांचा कार्यकाळ संपल्यावर थोड्याच दिवसांत या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा प्रश्न पेटला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षे गेली आणि माणसांचे जीव गेले. विद्यापीठाचा कारभार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न किती खोल जातो ते यावरून लक्षात यावे.

आपल्यातलेही होते

वाचक म्हणतील, हे ठीक, पण आपल्यातले कोण? त्याच मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख होते डॉ. यू. म. पठाण, म्हणजे युसूफखान महंमदखान पठाण. संतसाहित्य आणि महानुभाव साहित्य हा त्यांचा अभ्यासाचा विषय. बखरींतल्या फार्सीवरही त्यांनी संशोधन केले. आपण रोज बोलतो त्या मराठीत फार्सी शब्द किती आणि कसे मुरले आहेत, हे त्यांनी अभ्यासकाच्या शिस्तीने दाखवले. १९९० साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, असा वाद घालणाऱ्यांना आणखी कुठले उत्तर हवे?

सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर राज्यशास्त्र शिकवत. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा. वर्गातल्या तासाइतकाच त्यांचा वेळ वर्गाबाहेरच्या तरुणांसाठी जाई.

आणि देशपातळीवर डॉ. झाकिर हुसेन. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन ते १९२६ मध्ये परतले आणि तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. जामियाकडे तेव्हा पैसा नव्हता. ती बावीस वर्षे त्यांनी काढली ती निष्ठेवर. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा 'नई तालीम'चा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. पुढे अलीगढचे कुलगुरू आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्याच काळात, १९५३ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम सुरू झाले. आज देशातल्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या बहुतेक प्राध्यापकांची किमान पात्रता हा आयोग ठरवतो.

तेव्हा "हे आपले काम नाही" असे म्हणायला जागा नाही. मात्र २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलेला आरसाही विसरता येत नाही. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आणि पदव्युत्तर वर्गात दर ५० मध्ये एक, असे त्यात नोंदले आहे. जिथे विद्यार्थीच इतके थोडे, तिथे प्राध्यापक कुठून येणार? आणि प्राध्यापक नाहीत तर कारभाराच्या टेबलाशी कोण बसणार?

आजची वाट कशी आहे?

शंकरराव पेशाने प्राध्यापक नव्हते, वकील आणि लेखक होते. त्या काळी सार्वजनिक जीवनातला मोठा माणूस थेट कुलगुरू होऊ शकत असे. पुढे नियम कडक होत गेले. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव मागितला. म्हणजे ज्याला वरपर्यंत जायचे आहे, त्याने पहिली पायरी वेळेवर चढायला हवी.

पहिली पायरी म्हणजे पदव्युत्तर पदवी. त्यात किमान ५५ टक्के गुण हवेत. मागासवर्गीयांना यात पाच टक्के सूट आहे. आपल्याकडच्या तांबोळी, पिंजारी-नदाफ यांसारख्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेवर काढलेले नसते आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीत धावपळ होते. दाखला बारावीनंतरच काढून ठेवावा. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुने खरेदीखत, जे कागद असतील ते एका पिशवीत घालून कपाटात ठेवा.

दुसरी पायरी नेट किंवा सेट. नेट ही देशपातळीवरची परीक्षा. तिच्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीही मिळते. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असून ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सेटचे दोन पेपर असतात. पहिला सर्वांना सारखा, ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, अनेक विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते. आणि आमच्या बहिणींसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की सेटला वयाची कमाल मर्यादा नाही. लग्न झाले, मुले झाली, पाच-सात वर्षे गेली, तरी परीक्षा देता येते. पस्तिशीतली बाईसुद्धा अर्ज भरू शकते. एम.ए.चे प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवलेल्या किती बहिणी आपल्या मोहल्ल्यात आहेत, मोजून पाहा.

तिसरी पायरी नोकरीची. सहायक प्राध्यापक, मग सहयोगी प्राध्यापक, मग प्राध्यापक. वरच्या पदांसाठी पीएच.डी. आणि प्रकाशित संशोधन लागते. इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. कायम जागा थोड्या निघतात. अनेक पात्र मुले-मुली वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितकाच मोबदला, उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे. आमच्या ओळखीच्या एका घरात सेट झालेला मुलगा सकाळी कॉलेजात तास घेतो आणि संध्याकाळी भावाच्या दुकानात बसतो. एका मुलाखतीत त्याच्याकडे शिक्षणापेक्षा 'देणगी'ची चौकशी जास्त झाली. तो उठून आला. घरच्यांनी त्याला वेड्यात काढले. आम्ही काढत नाही. हक्काच्या जागेसाठी पैसे मोजणे आपल्याला दीनाने आणि कायद्याने दोन्हीकडून मना आहे.

संशोधन करणाऱ्यांना एक आधार होता, तोही गेला. अल्पसंख्याक समाजाच्या संशोधकांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. आता नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती हाच मोठा मार्ग उरला आहे आणि तिला वयाची अट आहे. म्हणून मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच नेटच्या तयारीला लागली पाहिजे. जमातीच्या फंडातून लग्नाच्या हॉलला रंग दिला जातो. त्याच फंडातून चार मुलांच्या परीक्षेची फी आणि पुस्तके का देऊ नयेत?

विद्यापीठाचे घर कोण चालवते?

औंधच्या राजाने १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती दिला तो पंचायतींमार्फत. विद्यापीठालाही अशा पंचायती असतात. महाराष्ट्रातली सरकारी विद्यापीठे आज २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतात. राज्यपाल हे कुलपती. त्यांच्या खाली रोजचा कारभार कुलगुरूंचा, मुदत पाच वर्षे. पण कुलगुरू एकटे सगळे ठरवत नाहीत.

अधिसभा, म्हणजे सिनेट, ही मोठी सभा. वर्षातून दोनदा तरी तिची बैठक होते. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, हिशेब आणि अंदाजपत्रक तिथे चर्चेला येते. व्यवस्थापन परिषद निर्णय घेऊन अंमलात आणते. शंकररावांच्या काळी तिला कार्यकारी परिषद म्हणत. विद्यापरिषद शिक्षणाचा दर्जा पाहते. अभ्यास मंडळे प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम ठरवतात. परीक्षा आणि मूल्यमापन मंडळ परीक्षांचे वेळापत्रक आणि निकाल पाहते.

ही नावे जड वाटतात, पण त्यांचा आपल्या घराशी थेट संबंध आहे. इतिहासाच्या पुस्तकात कोणता धडा असावा, उर्दू किंवा फार्सी विषय टिकावा की बंद व्हावा, हे अभ्यास मंडळात बोलले जाते. ईदच्या दिवशी पेपर आला तर तारीख बदलण्याचा विषय परीक्षा विभागाकडे जातो. गावाकडच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचे की नाही, हे अंदाजपत्रकात दिसते. आपण मात्र निर्णय झाल्यावर निवेदन घेऊन फाटकाशी उभे राहतो. निर्णय होत असताना आत आपले कोणी नसते.

प्राध्यापक झालेली मुले-मुली पुढे या मंडळांवर जाऊ शकतात. अधिसभेत शिक्षकांमधून दहा प्रतिनिधी निवडून जातात. पण सर्वांत मोठी संधी पदवीधरांची आहे आणि तिथेच आपली सर्वांत मोठी गफलत आहे. नोंदणीकृत पदवीधरांमधूनही दहा प्रतिनिधी अधिसभेवर जातात. पाच जागा खुल्या. उरलेल्या पाचांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक. यासाठी प्राध्यापक असावे लागत नाही. किराणा दुकानदार, नर्स, वकील, गृहिणी, पदवी असलेला कोणीही मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो.

हे नाव आपोआप लागत नाही. निवडणुकीआधी विद्यापीठ नोंदणीची मुदत जाहीर करते. त्या मुदतीत अर्ज, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि ठरलेली फी द्यावी लागते. सातारा-सांगलीकडच्या पदवीधरांपैकी बहुतेकांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालेले हे विद्यापीठ आपल्या भागातल्या कितीतरी घरांतल्या पहिल्या पदवीधराचे विद्यापीठ आहे. तिथे आपण किती जणांनी नाव नोंदवले? आम्ही आमच्या आसपास विचारले. बहुतेकांना अशी निवडणूक असते हेच माहीत नव्हते. विधानसभेच्या मतदानाला रांगेत उभे राहणारी घरे या मताबाबत अनभिज्ञ आहेत. राजाने दिलेला कारभार प्रजेने उचललाच नसता, तर औंधचा प्रयोग कागदावरच राहिला असता.

घरापासून सुरुवात

इल्म मिळवणे हे फर्ज आहे, हे आपण मुलांना सांगतो आणि ते खरेच आहे. पण फर्ज पार पाडायला वाट दाखवावी लागते. ज्या अम्मीने आम्हाला पत्र लिहिले, तिला आमचे उत्तर असे आहे.

ताई, तुमच्या मुलीचे एम.ए.चे गुण ५५ टक्क्यांच्या वर असतील तर या वर्षी तिला सेटचा अर्ज भरू द्या. जाहिरात पूर्ण वाचा, कारण नियम बदलत असतात. शेजारची मुले ती शिकवते, ते चालू राहू दे, त्याने हात बसतो. घरात तिला रोज तीन तास असे द्या, की त्या वेळात कोणी पाणी मागणार नाही आणि कोणी भाजी निवडायला बोलावणार नाही. लग्नाचे स्थळ आले तर मुलाकडच्यांना आधीच सांगा, की मुलगी परीक्षा देणार आहे. ज्यांना ते चालेल त्यांच्याशीच पुढे बोला. आणि निकाल पहिल्या खेपेला लागला नाही तर "आम्ही म्हणालोच होतो" असे घरातल्या कोणीही म्हणू नये. फार थोडे उमेदवार पहिल्या प्रयत्नात पास होतात.

तिच्या अब्बांसाठीही एक काम आहे. ते स्वतः बी.कॉम. आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी आपले पदवी प्रमाणपत्र शोधून काढावे आणि विद्यापीठाची नोंदणी खुली झाली की मतदार म्हणून नाव घालावे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चार पदवीधर भेटतात, त्यांनाही सांगावे.

शंकरराव खरात ९ एप्रिल २००१ रोजी गेले. त्यांच्या वडिलांना गावाने विहिरीत उतरायला सांगितले होते. मुलाने औंधची शाळा गाठली आणि एक दिवस विद्यापीठाच्या पदव्यांवर त्याची सही झाली. मधल्या काळात काय झाले? कोणीतरी शाळेचे दार उघडे ठेवले आणि घरातल्या कोणीतरी मुलाला त्या दारापर्यंत जाऊ दिले. पहिली गोष्ट आता कायद्याने आपल्याला दिली आहे. दुसरी आपल्या हातात आहे.

तुमच्या घरात, तुमच्या मोहल्ल्यात कोणी सेट किंवा नेट पास झाले असेल, कोणी पीएच.डी. करत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. त्यांनी वाट कशी काढली ते आम्ही पुढच्या अंकांतून सर्वांना सांगू, इन्शाअल्लाह.